मामाची मांडी

माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्याच लेकीच्या झिंज्यांवर बोलायची छाती फक्त मुकुंदवाडीतल्या बायांची. दुसरीकडं कुठं अशा बाया असतील तर दाखवा मला, म्या पाया पडते त्यांच्या.

आमची अक्षदा टीव्हीवर गेली आन् गल्लीला कामच मिळालं. 'घर एक, डोळे लाख' असा त्यो कार्यक्रम. चार-सहा कुटुंबं एका बंगल्यात कोंडायची, भिंतीभिंतीला कॅमेरे लावायचे, आन् ती काय खातात, कशावरून भांडतात, कशी झोपतात ते रोज संध्याकाळी सगळ्यांनी बघायचं. लोकांना जे कुटुंब आवडंल ते राहील, बाकीचे घरी. जावई रामराव बिडकीनला मोबाईलचं दुकान चालवायचे. लेकरांचे व्हिडिओ काढून टाकायचा लई नाद. त्यातूनच ही निवड झाली. नवरा, बायको, सहा वर्षांची संस्कृती आन् तीन वर्षांचा विश्वजीत, सगळे आत. आत गेल्यावर फोन नाय, भेट नाय. जाताना रामरावांनी मला भला मोठा टीव्ही बसवून दिला. "मामी, यात बघत जा आमाला," म्हनले. गल्लीत एवढा मोठा टीव्ही दुसऱ्या कोनाकडं नाय, म्हनून संध्याकाळ झाली की बाया माझ्या दारात.

सगळ्यात पुढं मोनिका. समोरच तिचं पार्लर. पोरगी मनानं वाईट नाय, पन जिभेला हाड नाय. तिच्या शेजारी भिंतीला टेकून लीलाबाई, तोंडात मिश्री, आन् तोंड रिकामं झालं की दुसऱ्याचं घर.

"मावशी, अक्षदाताईचे केस कंबरेपर्यंत होते ना हो? बघा, खांद्यावर आणले," मोनिका म्हनली. "वर हा तांबडा रंग. मी केला असता तर असा चट्ट्यापट्ट्याचा केला नसता."

"नवरा धडधाकट असताना कोनी केस कापतं का, बाई?" लीलाबाईनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. "आमच्यात तर अपशकुन मानतात."

"आणि त्या पोरीकडं बघा. एवढ्याशा जिवाच्या वेण्यांत मणी काय, रंग काय! ही पोर आहे का दुकानातली बाहुली?"

"पोरीचं सोड. पोराचं बघ आधी. त्यो पोरगा हाय का पोरगी?"

मग सगळ्या हसायच्या. विश्वजीतचे केस पार पाठीपर्यंत. कितीबी विंचरा, गुंता व्हायचाच. आईनं वर शेंडी बांधली की बाया म्हनायच्या पोरगी वाटते, मोकळे सोडले की म्हनायच्या भूत वाटतंय. एकदा त्यानं कॅमेऱ्यासमोर डोकं खाजवलं, तर मोनिका ओरडली, "उवा! आई तिकडं लिपस्टिक लावत बसलीय आणि पोराच्या डोक्यात उवा!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हनलं, "ए मोनिके, जावळ हाय ते! बिरोबाचं जावळ. त्याला तेल लावलं काय न् नाय लावलं काय, तुझ्या बापाचं काय जातं?"

"अहो मावशी, मी आपलं सहज बोलले."

"सहज बोलायचं तर तुझ्या घरी बोल."

तरी दुसऱ्या दिवशी हजर. आन् मीबी चहा टाकायचीच. खोटं कशाला बोलू, बाया आल्या की घर भरल्यासारखं वाटायचं. एरवी घरात मी आन् आतल्या खोलीत पडद्यामागं माझा बिरू. आन् पडदा म्हंजे काय भिंत नव्हं. बाया बोलायच्या ते सगळं त्याला ऐकू जायचं.

त्या जावळाचं सांगते, म्हंजे तुमाला समजंल. संस्कृती झाली, मग अक्षदाची कूस दोनदा रिकामी झाली. दुसऱ्या वेळेला पोरगी इतकी खचली की भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. तवा तिचा भाऊ, म्हंजे माझा बिरू, फुलंब्रीकडं आमचं गाव हाय, तिथल्या बिरोबाच्या ठाण्यावर अनवानी गेला. देवापुढं नारळ ठेवून म्हनला, "बिरोबा, हिचं लेकरू जगू दे. त्याचं जावळ तुझ्याच दारात काढीन, माझ्या मांडीवर घेऊन. तवर त्याच्या केसाला लोखंड लागू द्यायचं नाय."

देवानं ऐकलं. विश्वजीत जगला. जगला म्हंजे काय, आठ महिन्यांचा असल्यापासून घर डोक्यावर घ्यायचा. बिरू गेला की त्याच्या छातीवरच झोपायचा. बिरूला स्वतःचं लेकरू नाय. त्याची बायको नांदली नाय, सोडून गेली, त्याला आता जमाना झाला. जे काय व्हतं ते हेच.

जावळ वर्षाच्या आत निघायचं, पन अक्षदाचा सासरा वारला. सुतक, मग वर्षाचं. पुढच्या साली बिरूच आजारी पडला. अंगाला सूज, लघवी बंद. दोन्ही किडन्या गेल्या म्हनले डॉक्टर. तवापासून आठवड्यातून दोनदा त्याला मशीनवर घालायचं. ज्या मानसानं बापाबरोबर मेंढरं राखली, कातरनीच्या दिवसात सगळ्या वाडीची मेंढरं कातरली, एका कोकराच्या चामडीला कधी ओरखडा येऊ दिला नाय, त्याला आता उठून पान्याचा तांब्या उचलवंना. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, काही राहिलं असेल तर लवकर उरकून घ्या."

ती आत जायच्या आधीच म्या अक्षदाला सांगितलं. ती म्हनली, "माय, एवढा शो संपू दे. संपला की घरी न जाता थेट बिरोबाला. दादाला गाडीत झोपवून नेऊ." जावयांनी आधीच सही केलेली. पोरगी तरी काय करंल?

बिरूनं तयारी करून ठेवली व्हती. आमच्यात जावळ भुईवर पडू देत नाय. मामानं कोरं पांढरं कापड आनायचं, त्यात केस झेलायचे, देवापुढं ठेवायचे, मग वाहत्या पान्यात सोडायचे. दवाखान्यातून येताना त्यानं रिक्षा थांबवून स्वतः ते कापड घेतलं. मोठं घेतलं. म्या म्हनलं, "एवढं कशाला रे?" तर म्हनला, "माय, तीन वर्षांचे केस हाईत. थोडे हाईत का?" उशीखाली ठेवायचा ते. आन् रोज पडद्याआडून विचारायचा, "आज दिसला का गं विशू? जेवला का?"

आता ऐका पुढचं. दर रविवारी त्या कार्यक्रमात सूत्रसंचालक यायचा, अतुल नावाचा. गोरागोमटा, गोड बोलनारा. प्रेक्षकांनी मोबाईलवर काय काय लिहिलं ते वाचून दाखवायचा आन् घरातल्यांनी ते मान खाली घालून ऐकायचं. त्या रविवारी त्यानं वाचलं, "त्या बाळाला आधी माणसात आणा. आईला स्वतःच्या केसांतून फुरसत मिळाली तर!"

टीव्हीतली मानसं हसली. आन् माझ्या घरात मोनिका टुनकन उठून उभी राहिली. "माझी कमेंट! अगं बाई, माझी कमेंट वाचली!"

टाळ्याच वाजवल्या तिनं. मग तिची नजर माझ्याकडं गेली, पडद्याकडं गेली, आन् खाली बसली.

तिकडं अतुल सांगत व्हता, लोकांची मागनी हाय म्हनून पुढच्या रविवारी खास कार्यक्रम, विश्वजीतचं नवं रूप, मोठा केशरचनाकार मुंबईहून येनार. अक्षदाचा चेहरा पांढरा पडला. "सर, ते नवसाचं..." एवढंच बोलली, तर लगेच साबनाची जाहिरात लागली.

पडदा सरला. बिरू भिंतीला धरून उभा. कितीतरी दिवसांनी बाहेरच्या खोलीत आला व्हता. बाया उठायला लागल्या.

"माय," तो म्हनला, "त्यांना कळव. जावळ हाय म्हनावं. हात लावू नका म्हनावं."

कळवायचं कुनाला आन् कसं? रामरावांच्या भावाला फोन केला. तो म्हनला, "मामी, करारात सगळं लिहिलंय, आता बोलता येत नाय." चॅनलच्या नंबरावर मोनिकानं लावून दिलं, तर नुस्तं गानं वाजतंय आन् एक बाई म्हनतीय तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा हाय. माझ्या पोटच्या पोरीपर्यंत एक शब्द पोचवायला मला रस्ता नाय, आन् ह्या मोनिकेचं टवाळ बोलनं तिच्या कानापर्यंत पोचलं! म्हनलं, वा रे दुनिया.

दुसऱ्या दिवशी मोनिका स्वतःच आली. डोळे सुजलेले. "मावशी, ज्या वाटेनं ते गेलं त्याच वाटेनं हे पाठवू. तुम्ही सांगा, मी लिहिते."

म्या सांगितलं. "लिही, की ते बिरोबाचं जावळ हाय. मामाच्या मांडीवरच निघायचं. मामा घरी वाट बघतोय. केसाला हात लावू नका."

तिनं लिहिलं, वाचलं, आन् नाक मुरडलं. "एवढं कोरडं कोण वाचेल, मावशी? हजारो लिहितात. काळजाला भिडेल असं पाहिजे." आन् तिनं आपल्या मनानं जोडलं. मामा अंथरुणाला खिळलेत, शेवटच्या घटका मोजतायत, भाच्याचं जावळ हीच त्यांची अखेरची इच्छा, मायबाप प्रेक्षकांनो, ही इच्छा अपुरी राहू देऊ नका.

मी खवळले. "अगं ए भवाने, जित्या मानसाला मारतीस का?"

आतून बिरू म्हनला, "लिहू दे, माय. खोटं कुठं हाय त्यात?"

गेलं ते. मोनिकानं गल्लीत दारोदार जाऊन सगळ्यांच्या मोबाईलवरून तेच पाठवायला लावलं. लीलाबाईच्या नातवानं पाठवलं, किरानावाल्यानं पाठवलं, मोनिकाच्या पार्लरात येनाऱ्या बायांनी पाठवलं. आठवडाभर जो तो मला सांगायचा, एवढ्यांनी बघितलं, तेवढ्यांनी बघितलं. ज्या तोंडांनी पोराला भूत म्हनलं तीच आता "अगं बाई, नवसाचं लेकरू!" म्हनून हळहळत व्हती. मला वाटलं, चला, तोंडाळ असल्या तरी बाया उपयोगाला आल्या.

रविवारी बिरूनं अंघोळ केली. धुतलेला सदरा घातला. "माय, आज मी भाईर बसतो," म्हनला. टीव्हीसमोर खुर्ची ठेवली, पाठीला उशी दिली. बाया दाटीवाटीनं खाली बसल्या. आज कोनी हसत नव्हतं.

अतुल आला. मोनिकानं लिहिलेलं वाचायला लागला. अक्षरन् अक्षर वाचलं. समोरची मानसं डोळे पुसायला लागली. त्यानं नाव घेतलं, "संभाजीनगरच्या मुकुंदवाडीचे बिरूदादा." मोनिकानं माझा हात घट्ट धरला. "वाचलं, मावशी! वाचलं!" मी बिरूकडं बघितलं. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू बघितलं मी. तुमाला काय सांगू, जीव सुपाएवढा झाला माझा.

मग अतुल म्हनला, "बिरूदादा इथं येऊ शकत नाहीत. पण त्यांची अखेरची इच्छा अपुरी राहणार नाही. महाराष्ट्रानं हट्ट धरलाय. विश्वजीतचं जावळ आज, इथंच निघेल. आणि आजपासून विश्वजीतचा मामा मी!"

सनई वाजली. टीव्हीत सगळी मानसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, पानसुपारी, नारळ, सगळं आधीच आनून ठेवलेलं. अतुलच्या डोक्याला कोनीतरी फेटा गुंडाळला. रामरावांनी हात जोडले. अक्षदा एका जागी उभी, डोळ्याला धार लागलेली. लोकांना वाटलं असंल, आनंदानं रडतीय. मी तिची आई हाय. ती कॅमेऱ्यातून आमच्या घरात बघायचा जीव तोडून प्रयत्न करत व्हती, आन् ओठ हलवत व्हती, "दादा, दादा."

विश्वजीतला त्या परक्याच्या मांडीवर बसवलं. पोरगं आधी कावरंबावरं झालं, मग अतुलनं हातात चॉकलेट दिलं तर गप बसलं.

माझ्या मागं लीलाबाई हुंदके देत व्हती. "काय बाई ते लोक! किती रीतीनं केलं सगळं. आमच्या धाकटीच्या पोरालाबी असाच मानलेला मामा बसवला व्हता आमी, तिचा भाऊ, आमचा गोकुळ, गेला तवा..."

तिथंच थांबली. तोंडावर पदर घेतला. पन बोललेला शब्द काय परत घेता येतो?

बिरू म्हनला, "बरोबर हाय, लीलामावशी. मामा गेल्यावरच दुसरा बसवतात."

मी टीव्ही बंद करायला उठले. माझ्या अंगात काय संचारलं व्हतं काय म्हाईत, त्यो टीव्ही उचलून रस्त्यावर आपटावा वाटत व्हता.

"राहू दे, माय," बिरू म्हनला. "माझ्या नवसाचं हाय. बघू दे मला."

अतुलनं सोन्याच्या रंगाची कात्री घेतली. पहिली बट कापली. ती खाली पडली, त्या चकचकीत फरशीवर. मग मशीन लावलं. बिरू पुढं वाकून बघत व्हता. त्याचे दोन्ही हात आपल्या मांडीवर, असे वाटीसारखे धरलेले, आन् तो टीव्हीशी बोलत व्हता. "जपून. डाव्या कानामागं भोवरा हाय त्याला. तिथं जपून, बाबा."

बाया एक-एक करून निघून गेल्या. मोनिका शेवटी उठली. माझ्या पायाशी बसली, काहीतरी म्हनायला लागली. म्या म्हनलं, "जा आता." शिव्या द्यायची लई इच्छा व्हती, पन त्या पोरीनं केलं काय? चांगलं करायला गेली. कोनाला शिव्या द्याव्या तेच समजंना.

त्या जावळामुळं कुटुंब लई दिवस टिकलं म्हनतात. लोकांनी भरभरून मतं दिली. नंबर काय आला नाय, पन शेवटापर्यंत राहिले. मी बघितलं नाय. बिरूबी मग विशू दिसला का म्हनून विचारायचा नाय. टीव्हीवर म्या चादर टाकून दिली, आन् बिरूची खाट भाईरच्या खोलीत आनली.

शो संपला आन् अक्षदा थेट इकडं आली. दारातनं आत आली ती भावाच्या पायावर कोसळली. "दादा, म्या नको म्हनलं व्हतं. आधी शोवाले म्हनले तुमच्या दादाला गाडी पाठवतो. मग म्हनले दवाखान्याचं मानूस हाय, सेटवर काय झालं तर जबाबदारी कोन घेनार? राम म्हनले, आता नाय म्हनता येत नाय."

"असू दे गं," बिरू म्हनला. तवर त्याला आधाराशिवाय उठून बसताबी येत नव्हतं. "विशू कुठंय? आन त्याला."

विशूच्या डोक्यावर बोटभर केस आलेले. अंगानं चांगला भरला व्हता. म्या बिरूला भिंतीला टेकवून बसवलं आन् विशूला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. पोरगं अंग आखडून बसलं. बिरूची ती हालत, सुजलेलं तोंड, हातावर सुयांच्या गाठी. लेकरू भिनारच.

"मामाला पापी दे," अक्षदा म्हनली.

"हा मामा नाय," विशू म्हनला. आन् त्यानं चादर टाकलेल्या टीव्हीकडं बोट केलं. "मामा तिथं हाय."

अक्षदानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. बिरूनं तिचा हात धरला. "मारू नको. त्यानं जे बघितलं ते बोलला." मग पोराला म्हनला, "व्हय रे बाबा. तिथंच हाय."

मग बिरूनं विचारलं, "अक्षे, केस कुठं सोडले?"

ती खाली बघायला लागली. "म्या विचारलं, दादा. म्हनले, झाडून टाकले."

बिरूनं डोळे मिटले. मला राहवंना. म्हनलं, "बिरू, बघ, केस आलेत की रे पुन्हा. आनते कात्री. तू एक बट काप. बिरोबा काय परका हाय का? घेईल समजून."

त्यानं विशूच्या डोक्यावरून हात फिरवला. डाव्या कानामागं जाऊन बोट थांबलं, भोवऱ्यावर. तिथं कुठं लागलं-कापलं नाय ना, ते बघितलं. मग हात काढून घेतला.

"जावळ एकदाच असतं, माय," म्हनला.

पोरगं मांडीवरून उतरून आईकडं पळालं. बिरूनं उशीखालून ते कोरं पांढरं कापड काढलं, घडी न मोडता माझ्या हातात दिलं.

"नीट ठेव," म्हनला. "मोठं घेतलंय म्हनून तू तवा बोलली व्हतीस. लागंल."

म्या ते ट्रंकेत ठेवलं, तळाशी, हाताला लवकर लागू नये असं. दिवाळीच्या आतच ते काढावं लागलं.